उ म्हणजे उधाण

शनिवार, वैशाख वद्य अष्टमी. सकाळी साडेदहा. बोईसर, अभ्यासकेंद्राची कॉम्प्युटर लॅब.

हजर : बाहेरून आलेले परीक्षक डॉ. काळे, केंद्राच्या लिपिक रोहिणी पाटील, लॅब सांभाळणारे हरेश्वरकाका, विद्यार्थी रामसजन यादव, विद्यार्थिनी ज्योत्स्ना मेहेर आणि केंद्राची संयोजक म्हणून मी. एकूण सहा. गैरहजर कुणी नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी अशी नोंद नेहमीच करते. या नोंदीची मला पुढे इतक्या वेळा गरज पडेल, असं मात्र तेव्हा वाटलं नव्हतं. कोण कोण हजर होतं, हाच या सगळ्या गोष्टीतला माझ्या दृष्टीनं अडचणीचा भाग आहे.

आधी काम सांगते. विद्यापीठाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, पदवीनंतरचं माहिती तंत्रज्ञानाचं प्रमाणपत्र. पदवी कुठलीही चालते. चार विषय, प्रात्यक्षिकं, शेवटी एक प्रकल्प आणि त्यावर तोंडी परीक्षा. नोकरी करणाऱ्यांसाठी म्हणून वर्ग शनिवार-रविवारी भरतात. मी शिकवत नाही. शिकवायला शिक्षक येतात. मी फॉर्म भरून घेते, फोटो मागचा आहे की आत्ताचा ते बघते, वेळापत्रक लावते, तुकड्या पाडते, किल्ल्या सांभाळते आणि परीक्षकांच्या चहात साखर किती ते लक्षात ठेवते. चौदा वर्षं हेच करते आहे. नातेवाइकांना अजून वाटतं, की मी टायपिंगचा क्लास चालवते. त्यांना समजावणं मी यादीतून काढून टाकलं आहे.

बोईसरमध्ये वेळापत्रक लावणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमचे बहुतेक विद्यार्थी कारखान्यांतले. कुणाची पहिली पाळी, कुणाची दुसरी, कुणाची रात्रीची, आणि पाळ्या आठवड्याला फिरतात. मी सुरुवातीलाच निळी वही केली. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे त्या आठवड्याची पाळी लिहायची आणि त्यावरून सकाळची किंवा दुपारची तुकडी द्यायची. कऱ्हाडहून लग्न होऊन इथे आले, तेव्हा नवऱ्याच्या पाळीप्रमाणे कुकर लावायला शिकले होते. त्याचाच हा पुढचा धडा.

माणसं त्यांची त्यांची सवय घेऊन येतात. रामसजन यादव रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर आहे. पहिले दोन आठवडे तो एंटरचं बटण दाबायचाच नाही. सगळं बरोबर टाइप करून हात मांडीवर ठेवून बसायचा आणि मान वळवून विचारायचा, "मॅडम, एंटर दबाऊँ?"

"अरे, दबाव ना. त्यात काय विचारायचं?"

"हमारे यहाँ बिना पूछे वाल्व खोला तो आदमी जाता है, मॅडम."

शेवटी हरेश्वरकाकांनी कोऱ्या कागदावर 'यादव यांना एंटर दाबण्यास परवानगी आहे' असं लिहिलं, खाली सही केली आणि त्याच्या कॉम्प्युटरवर चिकटवलं. तो कागद अजून तिथे आहे. यादवनं वर्षभरात एकही फाइल बिघडवली नाही.

ज्योत्स्नाची सवय वेगळी होती. ती तारापूरजवळच्या किनाऱ्यावरच्या गावातली. बी.कॉम. झालेली, तिशीची, घरची बोट. नवरा समुद्रात जायचा. मासळी निवडणं, विकणं आणि बोंबील वाळायला बांबूच्या वलांडीवर टांगणं हे ती आणि तिची सासू करायच्या. नाव नोंदवल्यावर मासेमारी बंद असेपर्यंत ती नियमित आली. बोटी पुन्हा पाण्यात गेल्या आणि ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, आमचं प्रॅक्टिकल भांगात ठेवा ना."

मी मान वर केली. "काय? हे विद्यापीठाचं केंद्र आहे. इथे असलं काही चालत नाही."

ती आधी गोंधळली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. "पियाची नाय मॅडम, पाण्याची!"

मग तिनं मला समजावलं. पुनवेला आणि अवसेला समुद्राला उधाण येतं. पाणी जोरात धावतं. त्यांची डोलीची जाळी पाण्याच्या ओढीवरच चालते, म्हणजे मासळी तेव्हाच. अष्टमीच्या आगेमागे पाण्याला जोर नसतो, त्याला भांग म्हणतात. तेव्हा जाळी दुरुस्त करायची, पाहुण्यांकडे जायचं, लग्नं ठरवायची.

"आनि प्रॅक्टिकल करायचं," ती म्हणाली. "उधाणात मी आले तर सासूबाई एकट्या किती मासळी निवडणार?"

मला हे आवडलं. पाळ्या काय आणि पाणी काय, नियमानं फिरणारी गोष्ट असली की मला वेळापत्रक लावता येतं. निळ्या वहीत मी ज्योत्स्नासाठी वेगळं पान केलं. दिनदर्शिका घेऊन वर्षभराचे शनिवार-रविवार लिहिले. उधाणाच्या तारखेपुढे 'उ', भांगाच्या तारखेपुढे 'भ'. 'भ'च्या दिवशी तिनं सकाळची आणि दुपारची, दोन्ही तुकड्यांची प्रात्यक्षिकं करायची. शिक्षक तयार झाले. तुकडीच्या हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे मी लिहून ठेवलं : निळी वही पाहा.

चूक इथेच झाली. तेव्हा मला ती चूक वाटली नाही, उलट मी स्वतःवर खूश होते.

ज्योत्स्नाचं हे पहिलं वर्ष नव्हतं. आधी एकदा नाव घातलं होतं, तेव्हा बाळंतपण आलं. मग एक वर्ष सासऱ्यांच्या आजारपणात गेलं. विद्यापीठाचा नियम असा, की नोंदणी ठरावीक मुदतीतच चालते. तिची मुदत या वैशाखातल्या परीक्षेबरोबर संपत होती. या वेळी राहिलं तर मागचे सगळे विषय रद्द, पुन्हा पहिल्यापासून. शिवाय तिच्या गावातल्या मच्छीमार सोसायटीत बर्फाच्या आणि डिझेलच्या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवायला माणूस हवा होता. महिनाअखेर प्रमाणपत्र दाखव आणि ये, असं त्यांनी सांगितलं होतं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, पण तोंडी परीक्षेची तारीख विचारायला ती चार वेळा आली. म्हणून मी तारीख अष्टमीची घेतली. डॉ. काळ्यांना पत्रात लिहिलं, 'केंद्राच्या सोयीने'.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सर्वांची हजेरी विद्यापीठाच्या पोर्टलवर भरायची होती. मी त्या दिवशी पालघरला परीक्षेच्याच कामासाठी गेले होते. संध्याकाळी पोर्टल बंद होणार. रोहिणीनं फोन केला. ती रोज सफाळ्याहून येते, अतिशय चोख बाई.

"मॅडम, सगळ्यांचं भरलं. ज्योत्स्नाचं निळ्या वहीत बघायचंय ना?"

"हो, तिचं वेगळं पान आहे. त्यावरून भर," मी म्हटलं आणि फोन ठेवला. रिक्षा मिळत नव्हती.

आता परीक्षेचा दिवस. डॉ. काळे विदर्भातले, शांत, नेमके. चष्मा पुसल्याशिवाय कागदाला हात लावत नाहीत. मला असे परीक्षक आवडतात. तपासणीचा एक भाग म्हणून परीक्षक कुठल्याही एका विद्यार्थ्याची पोर्टलवरची हजेरी लॅबच्या वहीशी ताडून बघतात. लॅबची वही म्हणजे दाराजवळची, जिच्यात कॉम्प्युटरवर बसणारा प्रत्येक जण वेळ लिहून सही करतो. ती हरेश्वरकाकांच्या ताब्यात. सही केल्याशिवाय काका कुणाला खुर्चीला हात लावू देत नाहीत.

डॉ. काळ्यांनी यादीवर बोट ठेवलं. "मेहेर, ज्योत्स्ना."

पाच मिनिटं फक्त पानं उलटल्याचा आवाज. मग त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, यांना पोर्टलवर ज्या दिवशी हजर दाखवलंय, त्या एकाही दिवशी या वहीत यांची सही नाही. आणि ज्या दिवशी सही आहे, त्या दिवशी त्या गैरहजर आहेत."

"एखादी तारीख चुकली असेल, सर."

"एखादी नाही. सगळ्या." ते आवाज न चढवता म्हणाले, "खोटी हजेरी लावल्याचा संशय असला की मला अहवाल द्यावा लागतो. मग चौकशी होईपर्यंत निकाल राखून ठेवतात. तुम्हाला नियम माहीत आहेत."

मला माहीत होते. चौकशीला किती महिने लागतात तेही. तोपर्यंत ज्योत्स्नाची मुदत संपलेली असणार.

चौदा वर्षांत माझ्या केंद्रावर असा अहवाल कधी गेला नव्हता. मी घाबरले, आणि मी घाबरले की माझा आवाज हुकमी होतो. मी ज्योत्स्नाकडे वळले.

"ज्योत्स्ना, खरं सांग. न येता हजेरी लावायला तू रोहिणीला सांगितलं होतंस का?"

मी तिथे थांबायला हवं होतं.

"परवाच बोंबलांची पिशवी दिलीस ना तिला?"

रोहिणीनं हातातला कागद टेबलावर ठेवला आणि ती भिंतीकडे बघायला लागली. हरेश्वरकाका हळूच म्हणाले, "मॅडम, असा काय बोलता?" दारात आपल्या नंबराची वाट बघत यादव उभा होता. दुपारी दुसऱ्या पाळीला त्याला जायचं होतं, तरी तोही घड्याळ बघायचा थांबला.

सांगायला हवं, की तशीच पिशवी माझ्याही घरी होती. ज्योत्स्नानं दोन पिशव्या आणल्या होत्या. माझ्या पिशवीतले बोंबील आम्ही खाऊन संपवले होते.

ज्योत्स्ना रडली नाही. चिडलीही नाही. ती डॉ. काळ्यांना म्हणाली, "सर, मी हजर हाय म्हणून कुठल्या कुठल्या तारखा लिवल्यात? वाचा ना जरा."

त्यांनी पहिली तारीख वाचली.

"पुनव," ती म्हणाली.

दुसरी वाचली.

"पुनवेचा दुसरा दिवस."

तिसरी.

"अवस. त्या दिवशी आमची डोल फाटली." ती आता माझ्याकडे बघत होती. "मॅडम, हे सगळं उधाण हाय. ह्या दिवसांना मी इथे कशी असणार? आनि हजेरीच लावून घ्यायची असती, तर मी आले त्या दिवसांना गैरहजर कशाला लावून घेतलं असतं?"

माझ्या डोक्यात काहीतरी हललं. मी कपाट उघडलं, निळी वही काढली, तिचं पान उघडलं. उ, उ, भ, भ, उ, उ. माझंच अक्षर, ठळक, नीटनेटकं, खाली पट्टीनं रेघ मारलेली.

"रोहिणी," मी विचारलं, "हे 'उ' तू काय वाचलंस?"

"उपस्थित," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "हजेरीत 'उ' म्हणजे दुसरं काय असतं, मॅडम?"

बरोबर होतं. शाळेच्या पहिल्या दिवसापासून 'उ' म्हणजे उपस्थित. 'भ' म्हणजे काय ते तिला कळलं नाही, म्हणून ते दिवस तिनं गैरहजर धरले. मी फोनवर नीट सांगितलं असतं, पानाच्या वर एक ओळ लिहिली असती, तर काही झालं नसतं. डेटाबेसच्या पहिल्याच तासाला शिक्षक सांगतात : एका खुणेचा एकच अर्थ, आणि तो लिहून ठेवलेला. दर वर्षी तो तास मी मागच्या बाकावर बसून ऐकते.

मी डॉ. काळ्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "पटतंय," ते म्हणाले. "पण वही तुमची, अक्षर तुमचं, खुलासाही तुमचाच. मला कागदावर काही लिहायला हवं असेल, तर या तारखा उधाणाच्याच होत्या हे तुमच्याशिवाय कुणी सांगायला हवं."

"सर," ज्योत्स्ना म्हणाली, "माझा प्रोजेक्ट तेच सांगतो."

तिचा प्रकल्प होता 'बोटींची नोंद आणि पाण्याचं वेळापत्रक'. वर्षभराच्या तिथी तिनं स्वतः भरल्या होत्या. तारीख टाकली की तिथी येते, पाणी कसं आहे ते येतं आणि भरतीची वेळ येते. महिन्यापूर्वीच त्याची प्रत केंद्रात जमा होऊन पाकिटावर शिक्का बसला होता, त्यामुळे आता कुणी त्यात हात घालण्याचा प्रश्न नव्हता. हरेश्वरकाकांनी पाकीट डॉ. काळ्यांच्या समोर फोडलं.

डॉ. काळे स्वतः बसले. पोर्टलवरची पहिली 'हजर' तारीख टाकली. पडद्यावर आलं : उधाण. दुसरी. उधाण. तिसरी. उधाण. मग 'गैरहजर' तारखा घेतल्या. पडद्यावर आलं : भांग.

"हे काय?" ते दचकले.

"पाण्याची, सर," हरेश्वरकाका, यादव आणि मी एकदमच म्हणालो. ज्योत्स्ना तेवढ्यातही हसली. मी मात्र हसू शकले नाही.

काकांनी दारामागची दिनदर्शिका खिळ्यावरून काढून आणली. डॉ. काळ्यांनी दर तारखेची तिथी त्यात बघितली. एकही चुकली नाही. एकूण सगळा तक्ता आरशात बघितल्यासारखा उलटा होता.

"मॅडम," यादव दारातून म्हणाला, "ये तो इनलेट-आउटलेट उल्टा लग गया. हमारे यहाँ भी एक बार हुआ था. जिसने लाइन जोड़ी, उसी की गलती निकली."

लाइन मीच जोडली होती. त्याला ते माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही.

लॅबच्या वहीतल्या ज्योत्स्नाच्या सह्या मोजल्या. दोन्ही तुकड्या धरून लागतात त्याहून चार तास जास्तच भरले. डॉ. काळ्यांनी अहवालाचा फॉर्म परत पाकिटात घातला आणि शेऱ्यात लिहिलं : 'हजेरी भरताना खुणेचा अर्थ चुकला. लॅबच्या वहीवरून दुरुस्ती करावी.' खाली सही केली. मी खुर्चीत बसले. सकाळपासून पहिल्यांदाच.

मग खरी तोंडी परीक्षा झाली.

"भरतीची वेळ तुमचा प्रोग्रॅम कशी काढतो?"

"तिथीची पाऊणपट, सर. पुनवेपासून नि अवसेपासून तिथी मोजायची. आठवी असेल तर आठाची पाऊणपट, सहा. सहा वाजता भरती. थोडं मागंपुढं होतं."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात माहीत नाय. आजेसासरे सांगायचे. मी नुसतं त्यांचं गणित कॉम्प्युटरला सांगितलं."

डॉ. काळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं. खिडकीतून फक्त कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. "म्हणजे आत्ता?"

"आत्ता पाणी खाली चाललंय. बाराला पूर्ण ओहोटी." मग ती म्हणाली, "आज भांग हाय म्हणून तर मी आले."

तिला प्रकल्पात त्या सत्रातले सर्वांत जास्त गुण मिळाले. त्यानंतर यादव आत गेला आणि वीस मिनिटांत परीक्षा देऊन दुसऱ्या पाळीला पळाला. तोही पास झाला.

दुरुस्तीचं पत्र मी सोमवारी स्वतः विद्यापीठात नेऊन दिलं आणि पोच घेतली. पोच घेईपर्यंत मला जेवण गेलं नव्हतं. महिना संपायच्या आत ज्योत्स्नाचं प्रमाणपत्र आलं. आता ती सोसायटीच्या ऑफिसात बसते. तिथल्या लोकांनी तिला कामाचे दिवस विचारले तेव्हा तिनं सांगितलं, की तुम्ही सगळे समुद्रात असता तेव्हा मीही मासळीवर असणार. बाकी रोज येईन. त्यांना ते समजावून सांगावं लागलं नाही.

त्या शनिवारी परीक्षा संपताच केलेली कामांची यादी माझ्यासमोर आहे. दुरुस्तीचं पत्र, झालं. निळ्या वहीच्या पहिल्या पानावर खुणांचा अर्थ लिहिणं, झालं : 'उ' म्हणजे उपस्थित आणि दुसरं काही नाही, उधाण पूर्ण शब्दात लिहायचं. तोंडी निरोपावरून हजेरी न भरण्याचा नियम, झाला. डॉ. काळ्यांचा प्रवासखर्च, झाला. प्रत्येकापुढच्या चौकोनात बरोबरची खूण आहे.

सातवं काम : ज्योत्स्ना आणि रोहिणी यांची माफी मागणे.

यातलं अर्धं झालं आहे. परीक्षेच्या दिवशीच ज्योत्स्नाला सोडायला मी रिक्षा स्टँडपर्यंत गेले आणि म्हटलं, "मी चुकले. मी तसं बोलायला नको होतं."

"ऱ्हाऊ द्या मॅडम," ती म्हणाली. रिक्षात बसली, सामान मांडीवर घेतलं, आणि मग म्हणाली, "बोललात ते सगळ्यांसमोर. नि हे इथे." तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाण्याची वेळ सांगावी तसं तिनं ते सांगितलं.

रोहिणीला दुसऱ्या दिवशी टेबलाशी बोलावून सांगितलं. ती "ठीक आहे, मॅडम" म्हणाली आणि कामाला लागली. नंतर हरेश्वरकाकांकडून कळलं, की ती बोंबलांची पिशवी तिनं अजून उघडलेली नाही.

म्हणून सातव्या कामापुढे मी नंतर तीन शब्द वाढवले : 'त्याच सहा जणांसमोर.' ते जमवणं सोपं नाही. यादवची पाळी, ज्योत्स्नाचं पाणी, डॉ. काळ्यांचा दौरा, हरेश्वरकाका दिवाळीनंतर निवृत्त होऊन माकुणसारला शेती बघणार आहेत, त्यांना मुद्दाम बोलवावं लागेल. पण चौदा वर्षं मी दुसरं काय केलं आहे? डॉ. काळे पुढच्या परीक्षेला येणार आहेत. मी दिनदर्शिका बघून ठेवली आहे. भांगातला शनिवार आहे, यादवची त्या आठवड्यात दुसरी पाळी आहे, म्हणजे सकाळ मोकळी. वेळ साडेदहा, जागा तीच. निळ्या वहीत सहा नावं लिहिली आहेत आणि प्रत्येकापुढे हजेरीसाठी जागा सोडली आहे.

चार जणांना कळवून झालं. रोहिणी माझ्यापासून चार हातांवर बसते. तिला अजून सांगितलेलं नाही.